अनामत आरशाची, पाय माझा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि समोरच्या आरशावर जळते. आता तुमच्यापासून काय लपवायचे?

आम्ही राहतो ती खोली घरमालकीणबाई दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतात. दारामागे त्यांचा कागद आहे: टॉवेलचे वेगळे पैसे, साफसफाईचे वेगळे, आणि आरसा फुटला तर अनामत, म्हणजे बाईंच्या भाषेत डिपॉझिट, परत मिळणार नाही. आरशाला रोज मऊ फडक्याने पुसतात. माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळत घालतात. तीस वर्षे माणसांचा भार मी पेलला, पण कागदावर माझे नावसुद्धा नाही. एका धक्क्यात चुरा होणाऱ्याचा तोरा मात्र बघावा!

मागच्या वर्षी माझा मागचा पाय मोडला. बाईंनी सुताराला बोलावले नाही, गोंद लावून वेळ मारून नेली.

परवा एक म्हातारे सुतार मुलीबरोबर मुक्कामाला आले. डोळ्याचे ऑपरेशन झालेले, एका डोळ्यावर पट्टी. निघताना चपला घालायला ते माझ्यावर टेकले आणि काडकन माझा पाय निघाला. भिंत हाताला लागली म्हणून सावरले.

आवाज ऐकून बाई धावत आल्या. "अहो, केवढी महागाची खुर्ची! आता डिपॉझिट विसरा."

महागाची! मित्रांनो, मी आडवी पडले होते, तरी अंगावर मूठभर मांस चढले. मी आरशाकडे पाहिले. घे म्हटले, आता माझ्यासाठीही अनामत कापतात!

मुलीचा चेहरा उतरला. "काकू, त्या पैशांत बाबांचा चष्मा करायचाय. आणि बुकिंगच्या नियमात लिहिलंय, नुकसान आमच्या हातून झालं हे दाखवल्याशिवाय डिपॉझिट कापता येत नाही."

"दाखवायचं काय त्यात? पाय पडलाय की समोर!"

बाईच जिंकाव्यात असे मला वाटत होते. चष्म्याचे मला काहीच वाटले नाही.

सुतारांनी माझा पाय उचलून तुटल्या जागेवर बोट फिरवले. "बाई, आत गोंद सुकून खडा झालाय. ही मोड जुनी आहे. पट्टी माझ्या डोळ्याला आहे, बोटांना नाही."

बाई ओशाळल्या. "पाठवते तुमचे पैसे," एवढेच म्हणाल्या.

"पाठवा. आणि गोंद असला तर आणा. गाडी यायला वेळ आहे."

त्यांनी जुना गोंद खरवडला, पाय नीट बसवला, सुतळीने आवळून बांधला. "लाकूड चांगलं आहे हिचं," असेही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, आरशावर मी अजूनही जळते. स्वभावाला औषध नाही. पण तुमच्या घरात काही मोडले, तर त्याच दिवशी नीट करा, आणि जुनी मोड पाहुण्याच्या माथी मारू नका. भिंत हाताला लागली नसती, तर सुतार त्या ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यावरच पडले असते. आणि मी तेव्हा आरशाकडे बघत होते.