मिसेस मोरिनागांना शिक्षा हवी होती

शेरीफच्या ऑफिसात मी काउंटरवर बसतो. त्या सोमवारी मिसेस मोरिनागा आल्या आणि त्यांनी एक लांबुळकी पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत बंदूक होती, रिकामी.

"नोंदवलेली नाही," त्या म्हणाल्या. "मुदत महिन्यापूर्वीच संपली. पकड मला."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. एकतीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवली, मीही त्याच बसमधून गेलोय. मी फॉर्म पुढे सरकवला. "दोनच पानं आहेत. इथंच भरून टाका, कुणी काही म्हणणार नाही."

"भरला तर गुन्हा कुठला उरला, कर्टिस?"

मग कळलं. घरातली प्रत्येक बंदूक नोंदवायला लावणारा राज्याचा नवा कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून त्यांनी आधी दावा केला होता. कोर्टानं तो फेटाळला; म्हणालं, या कायद्यानं तुमचं अजून काही बिघडलेलं नाही. "म्हणून बिघडवून घ्यायला आले," त्या म्हणाल्या.

शेरीफनी त्यांना तीनदा समजावून घरी पाठवलं. मोरिनागाबाईंना बेड्या घातल्या तर शेरीफपदाच्या पुढच्या निवडणुकीत आपलं काय होईल, हे त्यांना दिसत होतं. चौथ्या वेळी बाईंनी बंदुकीसकट फोटो गावच्या पेपरात छापून आणला. मग इलाजच उरला नाही. बंदूक जप्त करून समन्स मीच लिहिलं. स्पेलिंग चुकलं, ते त्यांनीच दुरुस्त केलं.

मला राहवेना. त्यांना गाडीनं घरी सोडताना विचारलं, "एवढं कशासाठी? तुम्ही शिकारीला जाताना तर कधी दिसला नाहीत."

नाशपातीच्या बागा मागे पडल्या. मग त्या म्हणाल्या, "माझे वडील जपानहून अमेरिकेत आलेले. दुसऱ्या महायुद्धाआधी पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं खरं लिहून दिलं. एक बंदूक, एक रेडिओ, एक कॅमेरा. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर तोच कागद हातात घेऊन पोलीस दारात आले. नंतर जपानी वंशाच्या माणसांनाही नेलं, नजरकैदेच्या छावणीत."

"पण पोराला गोळी लागली म्हणून मी दोन घरांत गेलोय, बाई," मी म्हणालो. "एकात पोराच्या हातात बापाची बंदूक होती. कुठल्या घरात काय आहे हे आधी माहीत असतं तर..."

"ठाऊक आहे मला. दोन्ही पोरं माझ्याच बसमधली."

खटल्याच्या दिवशी सरकारी वकील रस्किन उठले आणि आरोप मागे घेतो म्हणाले. कायदाच कोर्टात तपासला जाईल याची त्यांना धास्ती होती. मिसेस मोरिनागा ताडकन उभ्या राहिल्या.

"माझी हरकत आहे, साहेब!"

"अहो, तुम्ही सुटताय," न्यायाधीश म्हणाले.

"त्यालाच हरकत आहे. सुटले तर अपील कसलं करू?"

कोर्टात हशा पिकला. रस्किन मात्र लालबुंद झाले. पुढच्याच आठवड्यात बाईंनी भावाकडून दुसरी बंदूक आणली, तीही नोंदवली नाही, आणि पुन्हा काउंटरवर हजर. या वेळी पेपरवाले सोबत होते. खटला चालला, त्या दोषी ठरल्या. निकाल ऐकून त्यांनी आपल्या वकिलाचा हात दाबला. लग्न ठरल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

अपिलाला दोन वर्षं लागली. तीन न्यायाधीशांपैकी दोघांचं मत पडलं की नोंदणी घटनेला धरून आहे, पण पहिल्याच चुकीला तुरुंगवास देता येणार नाही. तिसऱ्यानं बाईंच्या बाजूनं चौदा पानं लिहिली. ती त्यांनी काउंटरवर उभ्यानं मला वाचून दाखवली. मागं रांग लागली होती, पण कुणी तक्रार केली नाही.

"म्हणजे हरलात?" मी विचारलं.

"बहुतेक. आता राज्याच्या वरच्या कोर्टात."

"आणि बंदुका? फॉर्म भरलात तर परत मिळतील."

"राहू देत तुझ्याकडंच," त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. "मला कुठं चालवता येतात?"

वरच्या कोर्टानं अपील दाखल करून घेतलंय. तारीख ऑक्टोबरात आहे. मी त्या दिवशी रजा टाकलीय. कोणाच्या बाजूनं जाऊन बसायचं, ते अजून ठरत नाहीये.