मासा विरघळला, मी राहिलो

मित्रांनो, नीट बघा, नाहीतर मी दिसायचोच नाही. मी एक जुना हिरवा धागा आहे, पापणीच्या केसाहूनही बारीक. हसू नका! एके काळी मी नायलॉनच्या भल्यामोठ्या जाळ्यात होतो. मासळीने भरलेलं जाळं वर आलं की तळ्याचा मालक म्हणायचा, "काय जाळं आहे, लाखात एक!" मी फुगून जायचो.

पण मालक आळशी. जाळं खांद्यावर घ्यायचं सोडून तो ते सिमेंटच्या खरखरीत काठावरून फरफटत न्यायचा. आमचं अंग रोज सोलून निघायचं. एके दिवशी मीही तुटलो आणि पाण्यात पडलो. एका पाणकिड्याने मला शेवाळ समजून गिळलं. किड्याला छोट्या माशाने गिळलं, छोट्याला मोठ्याने. मी कुणालाच पचलो नाही. पोटात नुसती जागा अडवून बसायचो, पोषण शून्य! त्या बिचाऱ्या माशाचं मला अजून वाईट वाटतं.

मग एक खानावळवाला अडून बसला. माशांत प्लॅस्टिकचे कण किती, हे तपासून दाखवल्याशिवाय तो मासळी घेईना. मालकाचं सगळं वर्ष त्याच गिऱ्हाइकावर चालायचं. सुदैवाने मालकाची वहिनी प्रयोगशाळेत हेच काम करायची. आमचा मासा तिच्याकडे गेला. तिने त्याचं पोट एका द्रावणात विरघळवलं, द्रावण गाळलं आणि गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मासा गेला, मी राहिलो.

"भाऊजी, चाळीस आहेत हो," वहिनी म्हणाली.

"चाळीस? मेलो!" मालक मटकन खाली बसला. "कोणी घाण केली माझ्या तळ्यात? एकेकाला बघून घेतो!"

अहो, माशातला मी एकटाच! बाकीचे एकोणचाळीस निळे पाहुणे आत्ताच वरून टपकले होते. पण धाग्याचं ऐकतो कोण? खोली गारठलेली, म्हणून वहिनीने सुती कोटाच्या आत माझ्यासारख्याच प्लॅस्टिकच्या धाग्यांचा निळा स्वेटर चढवला होता, आणि त्याच्या बाह्या खुशाल बाहेर डोकावत होत्या.

नशीब, बाई शिस्तीची. हवेतून काय पडतं ते कळावं म्हणून ती शेजारी नुसत्या स्वच्छ पाण्याची बशी ठेवायची. त्या बशीत तिने पाहिलं आणि जीभ चावली. तिथेही निळ्यांची झुंबड!

"अगंबाई, हे तर माझेच प्रताप!" तिने स्वेटर काढला आणि कुडकुडत निळे धागे एकेक करून वगळले. उरलो मी.

"एकच?" मालकाला हसू आवरेना. "दाखवा तरी कोण हा बदमाश!"

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हसू तिथल्या तिथे विरलं.

"वहिनी, हा तर... माझ्या जाळ्याचा."

"मग? घेताय ना बघून एकेकाला?"

वहिनीने दुसऱ्या दिवशी स्वेटरशिवाय आणखी पाच मासे तपासले. मोजकेच धागे निघाले, सगळे हिरवे. खानावळवाला राजी झाला, पण जाळं उचलून न्यायचं कबूल करून घेऊनच. आता मालक ते खांद्यावर नेतो आणि दिवसभर कंबर धरून कण्हतो. कण्हू दे!

मी आता काचेच्या डबीत सुखात आहे, इथे मला कुणी गिळत नाही. पण मित्रांनो, आपल्या वस्तू जरा जपून वापरा. माझे कितीतरी भाऊ अजून त्या तळ्यात आहेत, आणि त्यांना परत गोळा करील असं जाळं कुणाकडेच नाही.