तिसरी राणी

पहिल्या दोन राणीमुंग्यांचे मुंगळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत तुकडे केले होते. आता तिसरी उरली होती. या जातीच्या राण्या वर्षातून दोन-चार दिवसच पंख लावून बाहेर पडतात, त्यामुळे चौथीसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं असतं. तेवढा वेळ कुणाकडे होता? सोमवारी पुण्याहून विद्यापीठातल्या बाई बघायला येणार होत्या. राणी मुंगळ्यांच्या घरात जिवंत दिसली तर संशोधनाची जागा माझी, नाहीतर बारामतीच्या कॉलेजात बरण्या धूत बसायचं. आणि त्या दिवशी शनिवार होता. सन शहाण्णव.

कळस गावातल्या आमच्या घरात खिडकीखाली माझी काचेची पेटी असायची. तळाला प्लॅस्टर ओतून केलेल्या खोल्या, वरून लाल जिलेटीनचा कागद, आत उसाच्या बांधावरून खणून आणलेले साठेक मुंगळे आणि त्यांची जाडजूड राणी. माझी राणी वेगळ्या जातीची. तिला स्वतःची पिल्लं वाढवता येत नाहीत. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, तिथल्या राणीची मान आवळायची आणि पोरक्या झालेल्या मुंगळ्यांकडून आपली अंडी वाढवून घ्यायची, एवढंच तिला येतं. कुणाला वाईट वाटलं तरी मला ती फार आवडायची.

आजीला मात्र मी यातलं अर्धंच सांगितलं होतं. माझी आजी चतुराबाई छप्पन्न सालापासून रोज सांजेला पंचशील म्हणायची, आणि अंगण झाडताना मुंग्यांची रांग दिसली की खराटा थांबवायची. तिच्यापुढे मान आवळायची गोष्ट कशी काढणार? पोरकी राणी आहे, तिला घर बघून देतेय, असं सांगून मी मोकळी झाले.

पुस्तकात लिहिलं होतं तसं मी मुंगळ्यांना बर्फावर ठेवून सुस्त केलं होतं. दोन्ही वेळा ऊब येताच ते उठले आणि वासावरून त्यांनी परकी ओळखली. हे आजीला सांगताना माझा आवाज चढला होता. ती शेळ्यांसाठी पाला निवडत बसली होती.

"वासावर हाय व्हय सगळं?" ती म्हणाली. "मग त्येंचाच वास लाव की. शेळीचं करडू मेलं तर त्येचं कातडं पोरक्या करडाला पांघरायचं. शेळी हुंगती आन पाजती."

दोन वर्षं पुस्तकं घोकून मला हे सुचलं नव्हतं. स्वतःचाच राग आला. मेलेला मुंगळा घे हां, असं तिनं बजावलं. पण पेटीच्या कोपऱ्यात टाकलेले मेलेले मुंगळे वाळून खडखडीत झाले होते, त्यांना कसला वास असणार? तिची पाठ वळल्यावर मी एक जिवंत चिमट्यात धरला आणि चिरडला. बारीक कुंचल्यानं तो ओलावा राणीच्या पाठीला, पोटाला, पायांना चोळला.

मग तिला आत सोडलं. आजी येऊन शेजारी टेकली. तीन मुंगळे जबडे उघडून धावत आले. एकानं राणीचा मागचा पाय धरला. पहिलीचाही आधी पायच धरला होता. आजीनं माझं मनगट घट्ट पकडलं. राणी हलली नाही. दुसऱ्यानं तिच्या पाठीवरून मिशा फिरवल्या, परत फिरवल्या. मग तो तिला चाटू लागला. पाय सुटला.

"घेतलं गं पदरात," आजी म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. मीही रडले, पण माझं रडणं जागेसाठी होतं.

रविवारी सकाळी राणी आतल्या खोलीत गेली आणि घरच्या राणीच्या पाठीवर चढली. आजीनं मला कौतुकानं हाक मारली, लेकरू आईच्या पाठीवर बसलंय म्हणून. मी वहीत वेळ टिपली. ती पाटावर बसून बघत राहिली. दुपारपर्यंत माझ्या राणीनं मान सोडली नाही. खालचीचे पाय आधी जोरात हलले, मग हळूहळू थांबले. मुंगळे दोघींनाही चाटत होते. सांजेला त्यांनी आपल्या आईला ओढत नेऊन कोपऱ्यात टाकलं.

"तुला ठावं हुतं?" आजीनं विचारलं.

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि शेळ्यांकडे गेली.

सोमवारी बाई आल्या, पेटीवर वाकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मुंगळे माझ्या राणीला भरवत होते. जागा तुझीच, असं त्यांनी तिथंच सांगितलं. ही युक्ती कुठून मिळाली, असंही त्यांनी विचारलं. आजीची, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग अहवालात त्यांचं नाव यायला हवं. मी वही उघडली.

आजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"माजं नाव नगं लिवूस," ती मला म्हणाली. "म्या लेकरू आईला लावाय सांगितलं हुतं."

तिनं तांब्या बाईंपुढे ठेवला आणि ती आत गेली.