रत्नाबायच्या भट्टीचा कौल

या, अंमळ जवळ सरकून बसा. आरतीला अजून वेळ आहे आणि बुवांचा टाळकरी अजून बसमध्येच आहे म्हणे. तोवर एक हकिकत सांगतो. पुराणातली नाही, आपल्याच वाड्यावरची आहे. ऐकून राग आला तर येऊ द्या. मला इतक्या वर्षांनी अजून येतो.

डिचोलीहून नार्व्याकडे जाताना आपला वाडा लागतो, त्याच्या खालच्या अंगाला रत्नाबाय चणेकारणीचं घर. नवरा बाबली गेला तेव्हा तिला चाळीसही पुरी नव्हती. तो मागे ठेवून गेला ती एक भट्टी. चुलीसारखी चूल नव्हे ती. पडवीच्या टोकाला छातीइतकी उंच, वर वाळूची लोखंडी कढई बसवलेली, मागून भिंतीतून धूर बाहेर नेणारी वाट काढलेली. रत्नाबाय त्या तापल्या वाळूत चणे भाजायची, पुढच्या चुलीवर खाज्याचा पाक करायची आणि कार्तिकापासून शिगम्यापर्यंत प्रत्येक जत्रेत पथारी मांडायची. नार्व्याची जत्रा, मयेची, साखळीची, कुठली सोडायची नाही. वर्षाचं पोट त्या पाच महिन्यांवर.

आणि ही भट्टी साधी नव्हती. बाबलीच्या आज्यानं ती रोयणीच्या मातीनं बांधली होती. रोयण म्हणजे वारूळ, आणि वारूळ म्हणजे आपली सातेरी, हे तुम्हांला मी सांगायला नको. देवीचा कौल घेऊन ती माती आणलेली. म्हणून आमच्या जत्रेत पालखी बाहेर निघाली की भट्टीतली पहिली मूठ चणे रत्नाबायच्या घरचे ओवाळायचे. तो मान ज्याच्या भट्टीचा, त्याचीच पथारी देवळाच्या दारात. भट्टी गेली की मान गेला, आणि मान गेला की दारातली जागा गेली.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते वर्ष. भिंतीभिंतीवर कोकणी-मराठी वादाच्या घोषणा अजून ओल्या होत्या. एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना, आणि जेवायला मात्र एकाच पाटावर. त्या पावसाळ्यानंतर दसऱ्याला रत्नाबायनं भट्टी पेटवली आणि धूर सगळा उलटा घरात आला. डोळे चोळत बाहेर पडली बिचारी. वाळू तापेना. चणे भाजायच्या जागी नुसते सुकायला लागले. लाकडं बदलून पाहिली, करवंट्या घालून पाहिल्या, राख काढली. चार दिवस हेच.

शेजारी गोकुळदासबाबांचं गोदाम. सिमेंट, पत्रे, पंप, जे म्हणाल ते विकणारा माणूस आणि वर देवळाच्या समितीचा अध्यक्ष. तो आला, नाकाला रुमाल लावून आत डोकावला आणि म्हणाला की भट्टी आतून फुटली, माती जळून गेली, आता हिच्यात जीव नाही. त्याच्याकडे हुबळीच्या लोखंडी भट्टीची माहिती होती. रॉकेलवर चालणारी, धूर नाही की राख नाही. साडेआठ हजार रुपये. तीन हजार आधी, बाकीचे जत्रा झाल्यावर.

रत्नाबायनं विचारलं की माती लावून दुरुस्त होणार नाही का. त्यावर तो हसून म्हणाला, "राज्य झालं गो आपलं. दिल्लीत मान मिळाला. तू अजून धुरात बसणार काय?"

साडेआठ हजार. त्या काळात खाणीवरचा मजूर दिवसाला पंचवीस-तीस रुपये आणायचा. पाच जत्रा पोटाला काही न घालता केल्या असत्या तरी तिच्या हातात तेवढे राहिले नसते. पण भट्टी नाही तर जत्रा नाही. ती कात्रीत सापडली होती, आणि कात्री कोणाच्या हातात आहे ते तिला दिसत नव्हतं. आम्हांलाही दिसलं नाही.

आता अडचण एकच होती. रोयणीच्या मातीची भट्टी कौलावाचून मोडता येत नाही. म्हणून गोकुळदासबाबानंच पुढाकार घेऊन सोमवारी देवळात कौल मागायचं ठरवलं. सगुण गुरवानं देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. प्रश्न कागदावर लिहून गोकुळदासबाबानं माझ्या हातात दिला, कारण समितीचं वाचन मीच करायचो. मी मोठ्यानं वाचला: "भट्टी निकामी झाली आहे, तिच्या जागी नवी आणावी काय?" घटकाभरानं उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

आमचे बुवा एकदा कीर्तनात म्हणाले होते, देव उत्तर देतो ते विचारलेल्या गोष्टीचं, लपवलेल्या गोष्टीचं नव्हे. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या. देवळात कागद वाचताना मात्र ते वाक्य मला आठवलं नाही. भट्टी निकामी झाली हे कोणी ठरवलं, एवढं विचारायचं सुचलं नाही मला. देवीपुढे खोटं मांडलं गेलं आणि ते माझ्या तोंडून मांडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी रत्नाबायनं भांगराच्या, म्हणजे सोन्याच्या, दोन पाटल्या सोनाराला दिल्या आणि तीन हजार गोकुळदासबाबाच्या मेजावर ठेवले. पावती नाही. शेजाऱ्याकडे पावती कोण मागतो?

भट्टी फोडायला त्यानं आपलाच गवंडी पाठवला. निवृत्ती नाव, बेळगावकडचा, खानापूरच्या पलीकडचं गाव. वर्षभर त्याच्या गोदामाचं काम करत होता आणि तिथंच पत्र्याखाली राहायचा. खांद्यावर घण, हातात पहार. मी तिथंच होतो, कारण भट्टी फोडण्याआधी नारळ ठेवायचा होता आणि नारळ ठेवायला समितीचं कोणी हवं होतं.

निवृत्तीनं घण उचलला नाही. आधी भट्टीभोवती फिरला, तळवा लावून माती बघितली, बोटानं टकटक केलं. मग रत्नाबायला म्हणाला, "बाई, जरा पेटवा बघू."

ती म्हणाली, पेटवून काय करायचं, कौल झालाय. तो म्हणाला की फोडायच्या आधी काय फोडतोय ते बघायची आपली रीत आहे. तिनं चार काटक्या पेटवल्या. धूर उलटा आला. निवृत्ती खोकत बाहेर गेला, घराच्या मागच्या अंगाला. आम्ही त्याच्यामागून गेलो. गोदामाची भिंत आणि रत्नाबायची भिंत यांच्यात हातभर जागा होती. त्या फटीत तो तिरका होऊन शिरला आणि हातानं भिंत चाचपत राहिला.

बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "भट्टी मेलेली न्हाई, बाई. हिचा गळा दाबलाय. आणि तो मीच दाबलाय."

मग त्यानं सांगितलं. वैशाखात गोदामाला चुना लावला तेव्हा या भोकातून येणाऱ्या धुरानं भिंत काळी पडेल म्हणून शेठनं स्वतः उभं राहून ते दगड-सिमेंटनं बुजवून घेतलं होतं. धुराचं कारण निवृत्तीला आत्ता कळलं; तेव्हा त्याला वाटलं, जुनं उंदराचं बीळ असेल. शेठनं तसंच सांगितलं होतं. वैशाखात रत्नाबाय भाच्याच्या लग्नाला पेडण्याला गेली होती आणि भट्टी तर शिगम्यापासून दसऱ्यापर्यंत बंदच असते. कोणाच्या लक्षात यावं?

रत्नाबाय पाटल्यांच्या जागी मनगट चोळत उभी राहिली.

निवृत्तीनं त्या फटीत उभं राहूनच छिन्नीनं सिमेंट फोडलं. डिचोलीच्या कुंभाराकडचे मातीचे तीन नळे मी सायकलवरून आणले. ते त्यानं एकावर एक लावून धूर कौलांच्या वर नेला, म्हणजे गोदामाच्या चुन्यालाही लागणार नाही. दीड दिवसाचं काम. नळ्यांचे अठरा रुपये. मजुरी विचारली तर म्हणाला, माझी चूक मी काढली, त्याची मजुरी कसली. रत्नाबायनं पुन्हा विस्तव घातला. भट्टीनं असा आवाज केला की जणू मोठं जनावर सुस्कारा टाकतंय. वाळू तापली आणि पहिला चणा तडतडला.

त्या आवाजावरच गोकुळदासबाब आला. मागून समितीचे दोघे. त्याला राग आला तो फसवणूक उघडी पडली म्हणून नव्हे, कौल मोडला म्हणून. देवीनं नवी भट्टी सांगितली, तुम्ही जुनी ठेवता, जत्रेत काही विपरीत झालं तर जबाबदार कोण. परगावचा गवंडी देवीच्या मातीला हात लावतो आणि वाड्यावरचे लोक बघत राहतात. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तूंच वाचलेंस मरे. सांग हिला, देवीनं काय सांगितलं."

मी कोणी धीट माणूस नाही. पण कागद अजून माझ्या खिशात होता. मी तो काढून पुन्हा वाचला, जसाच्या तसा. भट्टी निकामी झाली आहे. आणि तिथं थांबलो. पुढे वाचायची गरज नव्हती, कारण भट्टी सगळ्यांच्या समोर तडतडत होती.

रत्नाबाय तेवढ्यात उठली. आवाज चढवला नाही तिनं. "बाब, तुम्ही देवीला भिंतीचं सांगितलं नाही. अर्धं सांगून मागितलेला कौल तुमचा. देवीच्या अंगावर तो टाकू नका."

समितीतला एकजण खाकरला. दुसरा जमिनीकडे बघू लागला. त्यातल्या एकानंही गोकुळदासबाबाला एक शब्द विचारला नाही. घरी गेले आणि जेवले.

जत्रेला पालखी बाहेर आली तेव्हा पहिली मूठ रत्नाबायनं ओवाळली. जुन्याच भट्टीची. काही विपरीत झालं नाही. झालं ते माणसांनी केलं. तिचे तीन हजार परत आले नाहीत. हुबळीला ऑर्डर गेली आहे, ती मागे घेता येत नाही, असं गोकुळदासबाब सांगत राहिला. ती लोखंडी भट्टी आजवर कोणी पाहिलेली नाही. म्हणजे न बदललेल्या भट्टीसाठी दोन पाटल्या गेल्या. आणि पुढच्या वर्षी सप्ताहात तोच गृहस्थ पहिल्या रांगेत कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसून डोळे मिटून मान डोलावत होता. बुवा सत्यावर निरूपण करत होते. मला तिथं टाळ धरवेना. उठून बाहेर जाऊन बसलो.

निवृत्तीला तर त्यानं भट्टी पुन्हा पेटली त्याच संध्याकाळी काढलं. पंधरा दिवसांची मजुरी ठेवून घेतली, सिमेंट फोडल्याचं नुकसान म्हणून. पत्र्याखालचं त्याचं गाठोडं रस्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बेळगाव गाडीला सोडायला आम्ही दोघंच गेलो. रत्नाबायनं त्याला खाज्याची पिशवी दिली, नुकतीच चुलीवरून उतरवलेली, अजून कोमट. तो म्हणाला, पोरं खूश होतील. गाडी वळेपर्यंत त्याचा हात जनेलाबाहेर, खिडकीतून हलत होता. पुढे त्याचा पत्ता लागला नाही.

ती भट्टी अजून पेटते. रत्नाबाय गेली, आता तिच्या भाच्याची सून विनोदिनी बसते तिथं. मातीचे ते तीन नळे कौलांवर तुम्हांला इथूनही दिसतील.

चला, टाळकरी आला वाटतं. जाताना देवळाच्या दारात चणे घ्याल. तोंडात टाकण्याआधी एवढं करा. देवीचं नाव घ्याच, पण त्यासोबत खानापूरच्या पलीकडच्या एका गवंड्याचंही घ्या. घण हातात असून ज्यानं तो उचलला नाही, त्या निवृत्तीची आठवण ठेवा.