चार डब्यांवरची तारीख

मी तारीख मारायचा एक जुना शिक्का आहे. मित्रांनो, नुसता शिक्का म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, पण माझ्या अंगात दिवस, महिने आणि वर्षं भरलेली आहेत. रबरी पट्ट्या फिरवल्या की हवा तो दिवस कागदावर हजर!

चंद्रपूरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून हाजराबाईंनी मला गोंडपिपरीला आणलं. त्यांचा तिथे छोटासा कारखाना आहे. गावोगावची अंडी धुऊन, दिव्यासमोर धरून तपासतात, मग कवच न फोडता ठरावीक गरम पाण्यात ठरावीक वेळ ठेवतात. अंडं शिजत नाही, पण आतले जंतू मरतात. याला पाश्चरायझेशन म्हणतात. मग अंडी डब्यात भरून थंड कपाटात जातात. डब्यावर दोन तारखा लागतात: एक पाश्चराइज केल्याची आणि दुसरी, ज्या दिवसानंतर तो विकायचा नाही तिची. दोन्ही मीच मारायचो. हाजराबाई मला निरखून म्हणायच्या, "याचा एक आकडा चुकला, तर माही इज्जत गेली." ते ऐकून माझं लाकडी अंगसुद्धा ताठ व्हायचं.

पुढे तारखा छापायचं मशीन आलं आणि माझी रवानगी खणात झाली. जुनी बिलं, सुतळी आणि मी. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. बाहेर मशीनची टकटक ऐकू आली की मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो.

मग एका सकाळी मशीनची शाई संपली. हाजराबाई चंद्रपूरला गेलेल्या. कारखाना गिरजाबाईंवर सोपवलेला. गिरजाबाई म्हणजे धानोऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, कष्टाला वाघ. अन्नाचा कण वाया गेला तर यांच्या जिवाला चटका बसतो. कपाटात चार डबे मागे राहिले होते, त्यांची विक्रीची मुदत त्याच दिवशी संपत होती. गिरजाबाईंनी घरी रोज संध्याकाळी दूध पुन्हा तापवावं तशी ती अंडी पुन्हा गरम पाण्यात घातली. तापवलं की टिकतं, एवढं साधं गणित. मग डब्यांवरच्या जुन्या तारखांच्या कागदी पट्ट्या सोलल्या, नव्या चिकटवल्या आणि मला खणातून काढून नव्या तारखा मारल्या.

आणि मी? मित्रांनो, मी खुशीत होतो! दोन वर्षांनी शाईचा वास आला होता. काय उमटवतोय याचा विचारही केला नाही. ते चार डबे बर्फाच्या पेटीतून सकाळच्या गाडीनं माजरीला गेले, देवाजीभाऊंकडे. ते कोळसा खाणीतले निवृत्त कामगार, मोठ्या आजारातून नुकतेच उठलेले. रोज सकाळी कोमट दुधात कच्चं अंडं फेटून घ्यायची त्यांची जुनी सवय. म्हणूनच त्यांची सून सरिता आमचीच अंडी मागवायची.

दुपारी हाजराबाई आल्या. गिरजाबाई हौसेनं म्हणाल्या, "बाई, चार डबे वाचवले पहा! दुधासारखे पुन्हा गरम केले अन् नवी तारीख मारली."

हाजराबाईंचा चेहरा उतरला. "गिरजाबाई, दुधाचं गणित अंड्याले नाई लागत. गरम पाण्यानं जंतू मरतात, अंड्याचं वय नाई कमी होत. तारीख पहिल्या दिवसापासूनच मोजाची असते. कुठी हायेत ते डबे?"

"देवाजीभाऊकडे," गिरजाबाई कशाबशा बोलल्या. फोन लावला, उचलला जाईना. कमजोर माणूस, उद्या सकाळी उठून तेच अंडं पिणार! गिरजाबाईंनी पिशवी उचलली आणि बस गाठली. सकाळी काम झाल्यावर त्यांनी मला त्याच पिशवीत टाकलं होतं, म्हणून मीही सोबत निघालो. शरमेनं माझी शाई वाळली म्हणा ना.

माजरीला पोचेस्तोवर दिवस कलला. देवाजीभाऊ अंगणात खाटेवर बसले होते, दोन-चार शेजारी गप्पा मारत होते. गिरजाबाईंनी सगळ्यांसमोरच सांगितलं, डबे परत द्या. देवाजीभाऊ हसले. त्यांनी सरिताला अंडं आणायला लावलं आणि पाण्याच्या गिलासात सोडलं. ते तळाशी जाऊन आडवं झालं.

"पाह्य, बुडलं. ताजं हाय. काऊन एवढ्या दूर आली बाई?"

"भाऊ, पाण्यावर नोका जाऊ. तारीख खोटी हाय, अन् ती मीच मारली. हे अंडे तुमी खाऊ नका."

गिरजाबाईंना काहीतरी सबब सांगता आली असती. डबे बदलायचे आहेत म्हटलं असतं, तरी चाललं असतं. सरितानं चारही डबे आणून दिले. देवाजीभाऊंनी हळूच विचारलं, "आता तुमाले कामावर ठेवतीन का?"

"नाई ठेवलं त नाई. तुमी बरे राहा."

मी कित्येक हजार तारखा मारल्या, पण एवढं खरं वाक्य माझ्यासमोर कधी कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाजराबाईंनी ती अंडी खड्ड्यात पुरली. गिरजाबाई आपली जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन दाराशी उभ्या होत्या, निरोप घ्यायच्या तयारीनं. तेवढ्यात फोन वाजला. देवाजीभाऊ होते. हाजराबाईंनी ऐकलं, "हो भाऊ" म्हणाल्या आणि मला उचलून गिरजाबाईंच्या हातात दिलं.

"देवाजीभाऊले नवे डबे पाह्यजे. म्हणतात, तारीख त्याच बाईच्या हातची पाह्यजे."

गिरजाबाई रडल्या. मग डोळे पुसून माझ्या रबरी पट्ट्या फिरवायला बसल्या.

मशीनला शाई आली, पण माजरीच्या डब्यांवर अजूनही मीच लागतो. मित्रांनो, माझं रबर झिजलं आहे, कधी आकडा पुसट उमटतो. तसा डबा दिसला तर घेऊ नका, विचारा. अन्नावरची तारीख वाचल्याशिवाय घास तोंडात घालू नका. आणि उद्या मोठे होऊन तुमच्या हाती असा एखादा शिक्का आला, तर एवढं ध्यानात ठेवा: मी मुका आहे. जे लावाल तेच उमटवीन. चुकलं तर बोलायचं तुम्हालाच आहे.