शून्य व्हतं का नव्हतं?

अयोध्याला मॅट्रिकला गणितात सत्तर मार्क पडले होते, पण ते कुठलं गणित? पोरींचं! तिच्या शाळेत बीजगणिताच्या तासाला शिवण असायची आणि भूमितीच्या तासाला स्वयंपाक. निजामाच्या राज्यात पोरगी मॅट्रिक झाली हेच लई, पुढचं कोण बघतंय! पण तिला गणिताचीच मास्तरीण व्हायचं होतं. मागून येणाऱ्या पोरींना तरी बीजगणिताच्या तासाला बीजगणित मिळावं, एवढंच तिचं म्हणणं.

१९४४ सालचा उन्हाळा. सोलापूरच्या कॉलेजचा फारम घरी येऊन पडला होता. त्यात विषय लिहायचा, गणित नाहीतर इतिहास. एकदा लिहिला की बदलायचा नाही. गणित घेतलं की कॅल्क्युलस आलंच, आणि त्याची तिला भारी धास्ती.

तिच्या वडिलांचं नाव श्रीमंत, पण नोकरी उमरग्याच्या तहसील कचेरीत चपराशाची. ते म्हणाले, "कॉलेजातले शरणप्पा सर सुटीला गावी आल्यात. मठात पंधरा दिवस पोरांना कॅल्क्युलस शिकवणारायत. जाऊन बस. झेपलं तर गणित, न्हाय तर इतिहास."

गेली बिचारी. पाच पोरं आणि ही एकटी. सर फळ्यावर लिहायचे, पोरांच्या पेन्सिली भराभरा पळायच्या, माना डुलायच्या. हिच्या डोक्यात मात्र काही म्हणजे काही शिरेना. सगळ्यांना कळतंय, आपणच तेवढ्या ढ, या विचारानं तिला रडू यायचं. चौदाव्या दिवशी तिनं ठरवून टाकलं, इतिहास. शेवटच्या दिवशी ती गेली ती फक्त सरांच्या पाया पडायला.

सरांचं फळ्यावर तेच चाललं होतं. एका बारक्या संख्येला एच म्हणायचं, त्या एचनं भागायचं, आणि मग त्यालाच शून्य धरून पुसून टाकायचं. अयोध्याला वाटलं, आता कुणाची भीती? उद्यापासून कुठं यायचंय! तिनं हात वर केला.

"सर, शून्यानं भागायचं न्हाय ना?"

"न्हाय."

"मग भागताना एच शून्य नव्हतं. भागून झालं की लगेच शून्य झालं. मग ते शून्य व्हतं का नव्हतं?"

पोरं फिदीफिदी हसली. पुढं बसलेला एक जण म्हणाला, "एवढं बी कळत न्हाय!"

सर त्याच्याकडं वळले. "तुला कळतंय? ये, सांग."

गडी ऐटीत उठला, खडू घेतला, आणि फळ्यासमोर त त प प करायला लागला. सरांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. पाचही पोरं उभी! पंधरा दिवस नुसतं उतरवून घेत होते लेकाचे.

सर खो खो हसले. "अगं, या सवालावर विलायतेतले मोठमोठे पंडित शंभर वर्षं भांडलेत! त्याचं खरं उत्तर द्यायला मला पुरं वर्ष लागतं. विषय कोणता घेणारायस?"

"इतिहास," ती पुटपुटली. "मला त्रिकोणमितीसुद्धा येत न्हाय, सर."

"ती महिन्यात येते. उद्यापासून सकाळी ये, मी आहेच गावात. आणि तुम्ही रे!" ते पोरांवर गरजले. "तुम्हीही या. कळलं न्हाय तर हिच्यासारखं तोंड उघडायचं!"

अयोध्या पळतच घरी आली. फारम काढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: गणित.

श्रीमंतांनी फारमवर वाकून बघितलं. "झेपतंय का गं?"

"अजून न्हाय, आण्णा," ती हसून म्हणाली. "पण त्या पोरांना बी न्हाय झेपत!"

दुसऱ्या दिवशी तहसीलदारापुढं कधी मान वर न करणारे श्रीमंत छाती काढून उभे राहिले. "सरकार, आमच्या पोरीनं कॅल्क्युलस घेतलं!"

"वो क्या होता है?" तहसीलदारानं विचारलं.

"म्हाईत न्हाय, सरकार," श्रीमंत खणखणीत आवाजात म्हणाले. "पोरगी शिकून आली की तिलाच विचारू!"