मावशींचा रिपोर्ट

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना पंधरा दिवसांपासून खोकला होता, आणि पंधरा दिवसांपासून गल्लीतल्या एका घरची धाकटी सून तो मोजत होती. सकाळी मुलीला पाळणाघरात सोडताना दोनदा, संध्याकाळी घेताना तीनदा. आठ महिन्यांचं लेकरू त्या बाईच्या कडेवर, आणि बाई तोंडाला पदर लावून खोकतायत. विचारायची सोय नव्हती. मावशी म्हणायच्या, "अगं, धुळीचा आहे," आणि विषय संपायचा.

धाकटी ज्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची, तिथंच मावशी मंगळवारी येऊन गेल्या, नेमक्या तिच्या जेवणाच्या सुट्टीत. बुधवारी यादीत धाकटीला ते नाव दिसलं. नमुना घेणारा वेगळा, नोंद करणारी वेगळी; तिचं त्या फाईलशी काडीचं काम नव्हतं. तरी तिनं ती उघडली. 'थुंकी. क्षयरोग तपासणी. निकाल बाकी.'

तेवढ्यात समोर थोरली जाऊ. साखरेचा रिपोर्ट न्यायला आली होती.

"बसा ना ताई," धाकटी म्हणाली, आणि आतून लॅबच्या डॉक्टरीणबाईंची हाक आली. एका नळीवरचं लेबल जुळत नव्हतं.

जागेवरून उठलं की स्क्रीन बंद करायची, परवलीचा शब्द टाकल्याशिवाय ती उघडता कामा नये, हा लॅबचा पहिला नियम. धाकटीनं तो स्वतः छापून भिंतीला चिकटवला होता. पण घरच्या माणसासमोर कुलूप लावायचं म्हणजे 'तुमच्यावर विश्वास नाही' असं तोंडावर सांगणं. मग ते वर्षभर ऐकून घ्यायचं. तिनं स्क्रीन नुसती भिंतीकडे वळवली आणि आत गेली.

परत आली तेव्हा थोरली काउंटरच्या आतल्या बाजूला, तिच्या खुर्चीवर होती.

"खुर्ची मऊ आहे हो तुझी," ती म्हणाली. "आम्हाला बाई घरी पाटसुद्धा मिळत नाही."

गुरुवारी दुपारी निकाल आला. धाकटीनं पुन्हा पाहिला. काही नाही. साधा खोकला. तिनं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचीनं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली?"

संध्याकाळी ती पाळणाघरात गेली तर सतरंजीवर एकटी तिची मुलगी. बाकी सहा गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या.

"सहाही आया दुपारीच आपापली पोरं घेऊन गेल्या," मावशी म्हणाल्या. "एकीनं तर उंबरठ्याबाहेरूनच हात पुढे केले. पोर मी जमिनीवर ठेवलं, मग तिनं उचललं."

धाकटीनं मुलीला उचलून घेतलं.

"मी घरात कुणाला बोलले नव्हते. ठाऊक होतं ते फक्त तुमच्या लॅबला. उद्या येते मी तिथं."

आजवर मावशी तिला 'अगं' म्हणत. आज 'तुमच्या' झालं होतं.

घरी थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तुम्ही माझी स्क्रीन वाचलीत."

"मी कुठं वाचली? समोर होती, दिसली."

"भिंतीकडे वळवली होती मी."

"मग माझी मान वळली असेल." तिनं टॉवेल झटकला. "चार आयांना सावध केलं, तर बिघडलं कुठं? आणि गल्लीच्या ग्रुपवर मी नावसुद्धा घेतलं नाही. 'आपल्या पाळणाघरवाल्या बाईंना' एवढंच लिहिलं."

"गल्लीत पाळणाघर एकच आहे!"

"त्याला मी काय करू? दुसरं काढ तू."

"पण त्यांना काही झालेलं नाही! रिपोर्ट चांगला..." धाकटीनं जीभ चावली.

थोरलीच्या हातातली घडी थांबली. "अस्सं. म्हणजे आजही बघितलास. मला शहाणपण शिकवणारी तू कोण गं?"

शुक्रवारी मावशी लॅबमध्ये आल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं आणि आपली स्क्रीन फिरवली. कोणती फाईल कुणी कधी उघडली, सगळं ओळीनं होतं. बुधवार, अकरा वीस: धाकटी. गुरुवार, तीन दहा: धाकटी. थोरलीचं नाव कुठंच नव्हतं. थोरलीनं काही उघडलंच नव्हतं.

"तुझं काय काम होतं इथं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "माझी मुलगी यांच्याकडे असते. खोकला ऐकून भीती वाटली, म्हणून फाईल उघडली. ती तशीच उघडी टाकून आत आले, आणि माझ्या जाऊबाईंनी वाचलं."

"भीती वाटली तर मला विचारायचं," मावशी म्हणाल्या. "मला काय हौस होती तपासणीची? पोरांसाठीच आले ना मी? माझ्यामागे माझी थुंकी वाचत बसलात!"

"मी सगळ्यांना सांगते, तुम्हाला काही नाहीये..."

"एक अक्षर सांगायचं नाही," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "वाईट बातमी त्यांची, तशी चांगलीही त्यांचीच. त्यांनी लेखी दिल्याशिवाय कुणालाही नाही."

मावशींनी टेबलावरचा कागद ओढला. चार ओळी खरडल्या, सही केली आणि कागद धाकटीसमोर आपटला. "ही परवानगी. लिहा आता. माझ्यासमोर."

धाकटीनं फोन काढला. मावशी खांद्यावरून वाचू लागल्या. 'मावशींचा रिपोर्ट चांगला आहे. त्यांना कोणताही संसर्ग नाही. माझ्याकडून चुकून त्यांची फाईल उघडी राहिली...'

"चुकून?"

धाकटीनं वर पाहिलं.

"फाईल काय वाऱ्यानं उघडली? खोडा ते."

तिनं खोडलं. 'त्यांची फाईल पाहण्याचा मला अधिकार नव्हता. मी ती चोरून पाहिली आणि उघडी सोडून गेले. माझ्या जाऊबाईंनी ती वाचून इथं लिहिलं.'

"हे गेलं, की तुझी नोकरी मी वाचवू शकेन असं धरू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला वर कळवावं लागेल."

"आणि उद्यापासून मुलीला माझ्याकडे आणू नका," मावशी म्हणाल्या. "बाकीच्या परत आल्या, तरी नाही."

"मावशी, मी तिला कुठं..."

"ते मला नका विचारू. लिहिलंय ते पाठवताय की नाही, तेवढं सांगा."

घरात थोरली. इथं ही खुर्ची, जी बहुधा आजच सुटणार. पाळणाघराचं दार बंद. धाकटीनं मजकूर पुन्हा एकदा वाचला, 'चोरून'वर क्षणभर अडखळली आणि पाठवून दिला.

मावशींनी तो ग्रुपवर गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग आपला रिपोर्ट उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडल्या.